अडकली होती हवा, पैसे भरले हेड गॅस्केटचे

गेल्या एप्रिलमध्ये म्हापशातील एका गॅरेजमध्ये मी गाडीच्या रेडिएटरचा गळका होज (रबरी नळी) बदलून घेतला. मेकॅनिकने नवा होज चढवला, वरून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) ओतले, झाकण लावले आणि दहा मिनिटांत गाडी माझ्या ताब्यात दिली. तीन दिवसांनी बेळगावला जाताना चोर्ला घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. इंजिनाची उष्णता थोडी उतरावी म्हणून मी हीटर लावला, तर त्यातून गार वारा येत होता आणि डॅशबोर्डमागे माठात पाणी ओतल्यासारखा बुडबुड आवाज होत होता. ही दोन्ही लक्षणे पाण्याच्या मार्गात हवा अडकल्याची असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

थांबत थांबत परत म्हापसा गाठले. इंजिन निवल्यावर त्याच मेकॅनिकने झाकण उघडून गाडी चालू केली आणि वर येणारे बुडबुडे दाखवून सांगितले, "हेड गॅस्केट उडाले आहे, भाऊ." म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये बसणारी, सिलिंडरमधला वायू आणि कूलंट वेगळे ठेवणारी पट्टी फाटली आहे. ऑइल दुधाळ झाले आहे का, धुरातून पांढरी वाफ येते का, सिलिंडरमधले कॉम्प्रेशन (दाब) किती आहे, यांपैकी काहीही त्याने तपासले नाही आणि मीही विचारले नाही. हेड फेसिंगसह (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) 27,000 रुपये भरून, चार दिवसांनी "काढलेले गॅस्केट" वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन मी घरी आलो. सपाट रस्त्यावर गाडी निमूट चालली; पुढच्या आठवड्यात घाट लागताच काटा पुन्हा वर.

या वेळी मेहुण्यांच्या सांगण्यावरून गाडी डिचोलीच्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्यांनी गाडी चढावर नाक वर करून उभी केली, इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन मंद चालू ठेवले. वरचा होज हाताने दाबत ते कूलंटची पातळी पाहत राहिले. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापले की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप; तिच्याभोवती पाण्याऐवजी हवा असली की तिला खरी उष्णता लागत नाही, ती उघडत नाही आणि हेडमधले पाणी उकळत राहते, असे त्यांनी समजावले. थर्मोस्टॅट उघडताच मोठा बुडबुडा फुटला, पातळी झर्रकन खाली गेली, त्यांनी भर घातली, आणि पुढे बुडबुडे थांबले. गॅस्केट खरोखर गेलेले असते तर सिलिंडरमधला वायू येतच राहिला असता. खर्च चारशे रुपये.

मग त्यांनी व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, बोल्टवरून बोट फिरवले; हे झाकण काढल्याशिवाय हेड उतरत नाही. त्यावर वर्षानुवर्षांची तेलकट धूळ जशीच्या तशी होती, म्हणजे पाना तिथे लागलाच नव्हता. डिकीतले गॅस्केट मी बॉनेटवर पसरले. त्याला सिलिंडरची मोठी भोके तीन होती. माझ्या गाडीचे इंजिन चार सिलिंडरचे आहे.