फ्रीमाँट युनिफाइड: रेटिंग बघून झालं, आता हद्द बघा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, चांगलं आहे, यात वाद नाही. पण ‘फ्रीमाँटच्या शाळा’ असं सरसकट बोलून भागत नाही. कागदावर डिस्ट्रिक्ट एक, व्यवहारात पाच.

गावच तसं घडलंय. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज या पाच वस्त्या १९५६ मध्ये एकत्र येऊन फ्रीमाँट शहर झालं. शाळांचा कारभार एक व्हायला १९६४ उजाडलं. मिशन सॅन होजे हायस्कूलही त्याच सालचं. आज हायस्कूलं पाच आहेत आणि तुमचं मूल कुठल्या हायस्कूलला जाणार, हे घराच्या पत्त्यावरून ठरतं. चॅडबर्न, गोम्स, मिशन सॅन होजे एलिमेंटरी आणि मिशन व्हॅली या चार प्राथमिक शाळांची मुलं हॉपकिन्स या मिडल स्कूलला जातात आणि तिथून मिशन सॅन होजे हायस्कूलला, म्हणजे बोलीभाषेत ‘मिशन’ला. भाडं चढतं ते या साखळीमुळे.

ही रेघ कायमची नसते. २००० साली बोर्डाने वाइबेल एलिमेंटरी मिशनच्या हद्दीतून काढून अर्व्हिंग्टन हायस्कूलला जोडली. पालक खवळले, प्रकरण कोर्टात गेलं, मिशनचं वेगळं डिस्ट्रिक्ट काढायची मागणीही झाली. वाइबेल आज अर्व्हिंग्टनकडेच आहे. त्यामुळे एजंट ‘मिशन एरिया’ म्हणाला तरी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घरनंबरासकट पत्ता टाकून खात्री करा. नुसतं रस्त्याचं नाव पुरत नाही. जुनी माहितीही चालत नाही. पूर्वी सहावी प्राथमिक शाळेत असायची. २०१४ च्या ६५ कोटी डॉलरच्या रोख्यांतून ज्युनियर हायस्कूलांची सहावी ते आठवीची मिडल स्कूलं झाली.

आमचं मत विचाराल तर फक्त मिशनसाठी महिन्याचं भाडं ताणू नये. तिथे प्रत्येक वर्गात स्पर्धा जीवघेणी असते. अर्व्हिंग्टनमध्ये अभ्यास कमी नाही आणि मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते.

आता नेमकं कुठे अडतं ते. पत्ता हद्दीत असला म्हणजे जागा मिळालीच असं नाही. वर्ग भरला की मुलाला जागा असलेल्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. इथल्या भाषेत ‘ओव्हरलोड’. जूनअखेरीस घर बदलून ऑगस्टमध्ये शाळा गाठणाऱ्यांना हे जास्त भोवतं. म्हणून भाडेकरार हातात पडला की लगेच अर्ज करा आणि कागद अपुरे ठेवू नका. करारासोबत त्याच पत्त्याचं वीज किंवा पाण्याचं बिल लागतं. मित्राकडे उतरला असाल तर बिल तुमच्या नावावर नसणार. तेव्हा कोणतं प्रतिज्ञापत्र चालेल ते आधीच विचारून घ्या. आणि पिवळी बस सगळ्यांसाठी असते हे सिनेमात. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण विद्यार्थ्यांना बस देण्याची सक्ती डिस्ट्रिक्टवर नाही, तेव्हा दुसऱ्या शाळेत नंबर लागला तर सकाळी कोण सोडणार ते आधी ठरवा.

भारतातून थेट येणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण लसींची. बालवाडीसाठी एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात आणि दोन्ही पहिल्या वाढदिवसानंतरचे. आपल्या सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात गोवर-रुबेला देतात. तो डोस इथे धरत नाहीत, आणि त्यात गालगुंडाची लसही नसते. म्हणजे कार्डावर दोन शिक्के दिसतात, पण शाळा ते पुरे मानत नाही. कांजिण्यांचेही दोन डोस हवेत, आणि ते आपल्या सरकारी यादीत नाहीत. खासगी डॉक्टरकडे घेतले असतील तर कार्डावर तारखेसकट लिहून आणा. ‘धार्मिक कारणाने नको’ म्हणायची पळवाट २०१६ पासून बंद झाली. क्षयाच्या तपासणीचं निघालं तर त्वचेऐवजी रक्ताची चाचणी मागा. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

अर्जातला घरच्या भाषेचा तक्ता नीट वाचा. चार प्रश्न असतात. मूल आधी कोणती भाषा शिकलं, जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता आणि घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. पहिल्या तीनपैकी एकात ‘मराठी’ लिहिलं तरी मुलाची इंग्रजी चाचणी होते, ईएलपॅक, आणि तीही दाखल झाल्यापासून ३० दिवसांत. उत्तीर्ण झालं तर विषय तिथेच संपतो. नाही झालं तर ‘इंग्रजी शिकणारं मूल’ असा शिक्का बसतो आणि ठरलेले निकष पुरे होईपर्यंत दर वसंतात परीक्षा. त्या भीतीने अनेक जण सगळीकडे ‘इंग्लिश’ खरडतात. तसं करू नका. मुलाला खरंच मदत लागत असेल तर ती या शिक्क्यानेच मिळते, आणि तो उतरवता येतो.

पैशाचं गणितही समजून घ्या, कारण ते तुमच्या सुट्टीशी भिडतं. राज्याचा निधी सरासरी हजेरीवर मिळतो, पटावर नाही. पालो आल्टोसारखी स्थानिक मालमत्ता-करावर चालणारी डिस्ट्रिक्टं या चिंतेपासून बरीचशी मोकळी असतात, फ्रीमाँट नाही. २०१३ च्या सूत्राने जादा पैसे गरीब घरची, इंग्रजी शिकणारी आणि पालनगृहातली मुलं जास्त असलेल्या ठिकाणी जातात. फ्रीमाँटमध्ये त्यांचं प्रमाण तुलनेने कमी. त्यामुळे हजेरीबद्दल कार्यालय काटेकोर असतं.

लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला जायचं तर निघण्याआधी ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार मागा. शिक्षकाने दिलेला अभ्यास परत आल्यावर ठरल्या तारखेला जमा करा, नाहीतर ते दिवस गैरहजेरीत जातात. विनापरवाना तीन पूर्ण दिवस बुडले की राज्याच्या कायद्याने मूल ‘ट्रुअंट’ ठरतं आणि घरी पत्र येतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी वर्गशिक्षकाला एक ईमेल टाकली तर हे सगळं टळतं.