बडोद्याहून सिंगापूर-दुबईला फराळ: पार्सल सेवेचा पैसा कुठे वसूल होतो आणि कुठे नाही

बडोद्यातून परदेशी फराळ पाठवायचे तीन मार्ग आहेत. फरसाणचे दुकानच माल पॅक करून रवाना करते, कुरिअरचा एजंट घरचा डबा घेऊन स्वतः पॅकिंग करतो, किंवा रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टात जाऊन आपणच बुकिंग करायचे. हे परीक्षण मुख्यतः एजंटांच्या सेवेचे आहे. घरी केलेला फराळ याच वाटेने जातो आणि पैसे वाया जातात तेही इथेच.

कारण साधे आहे. काट्यावरचे वजन एक असते आणि बिलावरचे वजन दुसरे. कुरिअरमध्ये खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. हे आकारमानी वजन आणि खरे वजन, यांतले जे जास्त त्याचे पैसे लागतात. 40 × 30 × 30 चे खोके घेतले तर 7.2 किलो, वर अर्ध्या किलोच्या टप्प्यामुळे 7.5. आत चिवडा आणि चकल्या मिळून चार किलोच असल्या तरी आकडा तोच. एजंट हे आधी सांगत नाहीत असे नाही, पण सांगतात ते खोके टेपने बंद झाल्यावर. म्हणून दर विचारताना एकच प्रश्न नीट विचारावा: माप कोणत्या खोक्याचे धरणार, आणि फ्यूल सरचार्ज व जीएसटी धरून किलोला किती?

घरी बसून अंदाज घ्यायचा तर पाच लिटरचा डबा घ्या. 5000 घन सेंटिमीटर म्हणजे बरोबर पाच लिटर, आणि कुरिअर तेवढ्या जागेचे एक किलो धरते. जो पदार्थ एक किलो भरूनही डब्यात जागा उरते तो पाठवायला परवडतो. जो एक किलो त्यात मावतच नाही, त्याच्यासोबत आपण हवेचे भाडे भरतो. शंकरपाळे, बेसनाचे लाडू, भाखरवडी, चिक्की, मेतकूट, गोडा मसाला या परीक्षेत आरामात पास होतात. पातळ पोह्यांचा चिवडा सपशेल नापास होतो, आणि कडबोळी-चकल्या काठावर.

त्यामुळे चकल्या न पाठवता भाजणी पाठवावी, हे आमचे ठाम मत आहे. पोहे, बेसन, रवा, गूळ यांसाठी सिंगापुरात टेक्का सेंटरचा बाजार आणि मुस्तफा हे मोठे दुकान आहे, दुबईत मीना बाजार आणि करामा हे भाग. चिवडा तिथे ताजा करता येतो. आजीच्या प्रमाणातली, तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजून धणे-जिऱ्यासह दळलेली भाजणी मात्र बडोद्याहूनच जावी लागते. किलोभर पीठ जेमतेम दोन लिटर जागा घेते, फुटत नाही, चुरा होत नाही. पुडीसोबत कृतीची चिठ्ठी घालावी: दोन वाट्या भाजणीला साधारण दोन वाट्या पाणी, त्यात तिखट, मीठ, हिंग, तीळ, ओवा आणि दोन चमचे तेल घालून उकळी आणायची, गॅस बंद करून पीठ मिसळायचे, अर्धा तास झाकून मग मळायचे. पाणी कमी पडले की चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते, जास्त झाले की तळल्यावर मऊ राहते. सिंगापूरच्या दमट हवेत तर ती उघड्या ताटात तासाभरातच नरमते. पाहुणे आल्यावरच डबा उघडावा.

पॅकिंगमध्ये बहुतेक एजंट एक चूक करतात: सगळ्यालाच व्हॅक्यूम. पीठ, मसाला, मेतकूट यांना व्हॅक्यूम उत्तम. चकलीचे काटे मात्र दाबाने पिशवीला भोक पाडतात, बेसनाचे लाडू दबून एक गोळा होतात. अशा पदार्थांना नायट्रोजन भरलेली फुगीर, आतून चंदेरी पिशवी हवी. तीही जागा खाते, पण पदार्थ खवट होत नाही. पारदर्शक पिशवीत उजेड आणि हवा लागून शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप सर्वांत आधी खवट होतात. तळलेले काहीही किमान चार-पाच तास निवल्याशिवाय बंद करू देऊ नका. आतली वाफ पिशवीत अडकते आणि कुरकुरीतपणा बडोद्यातच संपतो. खोके पाच पदरी, नवे. जुने खोके वापरून वीस-तीस रुपये वाचवणाऱ्या काउंटरवरून सरळ परत यावे. लीलो चेवडो म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, तो ओलसर असतो आणि ओल्या नारळाच्या वड्या व पेढेही टिकत नाहीत, म्हणून हे तिन्ही घरीच ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे: खसखस. हे अफूच्या बोंडातले बी असल्याने सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही ठिकाणी नेण्यास बंदी आहे. आपल्या फराळात ती कुठे कुठे लपलेली असते, हे एजंटला माहीत नसते आणि तो विचारतही नाही. अनारशांवर असते, करंजीच्या सारणात असते, घरच्या एखाद्या मसाल्यातही असते. संक्रांतीच्या काटेरी हलव्याचा दाणा तिळाचा की खसखशीचा, हे विचारल्याशिवाय हलव्याचे दागिने घेऊच नयेत. बोरन्हाणाची हौस नातवंडांच्या आईबापांना चौकशीच्या खोलीत नेऊन बसवेल. अनारसे पाठवायचेच असतील तर पीठ पाठवा, खाली लावायला तीळ तिथले. खोबऱ्याच्या वाट्याही पाठवू नयेत: हवाई वाहतुकीत सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या धोकादायक मालात धरले जाते.

पुडीवर नाव नसलेले पीठ म्हणजे पार्सल उघडले जाण्याची खात्रीच. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत पदार्थाचे नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख लिहावी. दुकानचा माल असेल तर 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक पिशवीवर असतोच. तो दिसेल असा ठेवा. पार्सलसोबतच्या यादीत नुसते ‘स्नॅक्स’ चालत नाही, आणि किंमत खरी लिहायची. पाठवणाऱ्याच्या आधारची प्रत लागते.

पत्त्याबाबत दोन शहरांची रीत वेगळी आहे. सिंगापूरचा सहा आकडी पिनकोड थेट इमारत दाखवतो, म्हणून तो आणि घराचा युनिट क्रमांक बरोबर असला की पोस्टानेही पार्सल दारात पोचते. दुबईत टपाल परंपरेने पीओ बॉक्सवर जाते. तिथे कुरिअरच घ्यावे, आणि इमारतीचा दहा आकडी मकानी क्रमांक व तिथला चालू मोबाइल नंबर पत्त्यातच लिहावा. तिथले नवरा-बायको दोघेही नोकरीला असतील तर ऑफिसचा पत्ता द्यायला हरकत नाही.

वेळेचे गणित पंचांगावरच ठेवावे. दसरा ते कोजागिरी या पाच दिवसांत बुकिंग झाले, तर लक्ष्मीपूजनाला पंधरा दिवस हातात राहतात. नवरात्रात गरब्यामुळे काउंटरवर माणसे कमी, कोजागिरीनंतर गर्दी आणि घाईचे पॅकिंग. म्हणजे भाजणी नवरात्राच्या आधीच भाजून दळून आणायला हवी.