मुरूडची कॉटेज, २३,००० रुपये आणि वरचे १६ पैसे

नाताळच्या सुट्टीत मुरूडला कॉटेज देतो असे सांगून एका भामट्याने माझ्याकडून २३,००० रुपये १६ पैसे उकळले. रक्कम मुद्दाम पैशांसकट लिहीत आहे, कारण खरी मेख त्या १६ पैशांतच होती. ऑनलाइन बुकिंगच्या नावाखाली काय काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही होते. माझी उभी नोकरी लेखा विभागात गेली आहे. त्यामुळे शिकलेली माणसे फसतातच कशी, हा प्रश्न कृपया मला विचारू नये. घरच्यांनी तो पुरेसा विचारून झाला आहे.

स्वस्ताच्या मोहाने गेलो असे मुळीच नाही. सहा माणसांसाठी एका रात्रीचे ६,५०० आणि दोन रात्रींचे १३,००० रुपये हा नाताळात समुद्रकाठी चालणारा भाव आहे. संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत सिद्दींकडून कोणालाही घेता न आलेला जंजिरा गुडघे साथ देत आहेत तोवर एकदा बघावा, अशी वडिलांची इच्छा होती. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी घालून मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद हा रस्ता मला पाठ आहे. नकाशाच्या ॲपवर कॉटेजची रीतसर नोंद होती, अभिप्राय होते, आणि फोन उचलणारा माणूस तर असा बोलला की कोणाचाही विश्वास बसावा. "मासे खाता ना सगळे? सुरमई सांगून ठेवतो. बाबांना जिना नको, खालची खोली देतो. आणि शुक्रवारी दुपारी जंजिऱ्याला जाऊ नका हं, नमाजासाठी होड्या बंद असतात, राजपुरीच्या जेट्टीवर ताटकळत बसाल." इतकी बारीक माहिती तिकडचाच माणूस देणार, असे मला वाटले, आणि तसे वाटण्यात काही गैर होते असे मी आजही मानत नाही.

मात्र त्याने पाठवलेल्या फोटोंतला एक फोटो आठवला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये शहाळी, आणि कठड्यापलीकडे जंजिऱ्याचा थेट महादरवाजा. खाली मजकूर होता, "मुरूड बीच दोन मिनिटांवर". मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात दिसतो तो जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग. जंजिरा दक्षिणेला राजपुरीसमोर आहे. शिवाय त्या किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी तटाशी जाईपर्यंत नजरेस पडत नाही, हे तिथे एकदा जाऊन आलेले लहान मूलसुद्धा सांगेल. मी तर होडीवाल्याच्या तोंडून ते कौतुकाने ऐकलेले होते. तो फोटो मी मोठा करून पाहिला, वडिलांना दाखवला, घरच्या गटावर टाकला. तेरा जणांच्या त्या गटात एकालाही शंका आली नाही, याची नोंद मला प्रश्न विचारणाऱ्यांनी घ्यावी.

निम्मे आगाऊ म्हणून ६,५०० रुपये यूपीआयने पाठवले. पाठवण्याआधी पडद्यावर आलेले नाव भलतेच होते. "आमच्या हिशेबनिसाचं खातं आहे" असे उत्तर आले. यूपीआय पैसे घेणाऱ्याचे बँकेतले नाव दाखवते ते शोभेसाठी नव्हे. नाव जुळले नाही तर तिथेच थांबावे, मग समोरचा हिशेबनीस सांगो की मेहुणा. मागाहून परत मिळणारी अनामत म्हणून ५,००० रुपये गेले. त्यानंतर सांगण्यात आले की दोन रकमा वेगवेगळ्या आल्याने संगणक बुकिंग क्रमांक देत नाही, बरोबर ११,५००.१६ रुपये एकरकमी पाठवा, १६ हा तुमचा खोली क्रमांक आहे, आधीचे ११,५०० पाच मिनिटांत आपोआप परत येतील. लेखा विभागातल्या माणसाला हे पटले, कारण भरणा ओळखता यावा म्हणून रकमेत असे वेगळे पैसे घालण्याची पद्धत मी स्वतः पाहिलेली आहे. चोराला माझा धंदा माझ्याइतकाच माहीत होता. पैसे परत आले नाहीतच, उलट २३,००० रुपयांची नवी मागणी आली, तेव्हा मी फोन ठेवला. परतावा मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत आणि पिनही टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

मुरूडच्या ज्या खानावळीत आम्ही पूर्वी जेवलो होतो, तिचा क्रमांक माझ्याकडे होता. तो फोन मी पैसे भरण्याआधी करायचा सोडून नंतर केला. मालक म्हणाले, "अहो, ते घर आमच्या आळीतल्या काकूंचं. त्याला गॅलरीच नाही!"

त्यानंतर सुरू झाला दुसरा छळ. १९३० या मदत क्रमांकावर त्याच तासात तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. तो घेऊन आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो, तर गुन्हा तिकडे घडला म्हणून तिकडे जा, असे उत्तर मिळाले. पैसे मुंबईतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून, मुंबईतल्या खात्यातून गेले. "तिकडे" म्हणजे नेमके कोठे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. त्या कागदावर चहाचा पेला ठेवण्यात आला. मग शिक्क्याचे बँक विवरण आणा म्हणाले. बँकेत गेलो, तर ॲपवरून काढलेल्या विवरणावर शिक्का देत नाहीत, शाखेतून अर्ज करा. अर्ज केला, तर सही करणारे साहेब रजेवर. आणि पिन आपणच टाकला असल्याने व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला आहे, असे पत्र मात्र त्याच शाखेतून विनाविलंब आले. संमती! बंदूक लावली तरच चोरी, असा यांचा हिशेब दिसतो. बँक तीस दिवसांत उत्तर देत नसेल किंवा उत्तर पटत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मी केली आहे. आपणही करा, पण बँकेशी बोलणे तोंडी न ठेवता लेखी ठेवा.

कॉटेज घेताना व्हिडिओ कॉलवर फाटकापासून गच्चीपर्यंत चालत दाखवायला सांगा. खरा मालक कुरकुरेल, पण दाखवेल. पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी असल्याचे कोणी सांगितले, तर प्रमाणपत्र मागा.

अखेर तक्रारीमुळे त्या खात्यातले १,१४० रुपये गोठवले गेल्याचे कळले. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. ते १,१४० मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा, असे बँकेने सांगितले. ओळखीच्या वकिलांनी त्या अर्जाची फी ३,००० रुपये सांगितली आहे.