टिंटेड सनस्क्रीन आणि सनकोट : सोलापुरात संक्रांतीपासून आषाढापर्यंत वापरल्यानंतर

मी पिग्मीचं, म्हणजे दुकानादुकानांतून रोजच्या बचतीच्या पैशांचं, कलेक्शन करते. सकाळी नवी पेठ, टिळक चौक, मग कन्ना चौक, साखर पेठ, आणि दुपारनंतर अक्कलकोट रोडची एमआयडीसी. सगळं स्कूटीवर. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग गडद होत चालले होते. स्किनच्या डॉक्टरांनी आधी ऊन अडवायला सांगितलं, औषध त्यानंतर. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा चालू होती, तेव्हापासून एसपीएफ ५०, पीए++++ असं झिंक ऑक्साइडचं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, सनस्क्रीन आणि अंगावर सनकोट, असं रोज चाललंय. उन्हाळा पूर्ण यात गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी टिंटबद्दल, कारण माझ्यासाठी फरक तिथेच पडला. उन्हातल्या यूव्ही, म्हणजे अतिनील, किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपुरता असतो. यूव्हीए किती अडतात ते पीएपुढच्या अधिकच्या चिन्हांवरून कळतं. पण वांग नुसत्या यूव्हीने वाढत नाही. डोळ्यांना दिसतो तो साधा उजेडही आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंग वाढवतो, आणि बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. टिंटमधली आयर्न ऑक्साइडं तो अडवतात. शिवाय नुसत्या झिंकने चेहऱ्यावर जी पांढुरकी राख फासल्यासारखी दिसते, तीही टिंटमुळे जाते.

आता प्रमाण. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे आकड्यांवरून दुकानात डोकं धरून बसण्यात अर्थ नाही. खरी गोम थराच्या जाडीत आहे. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, आणि आपण सगळेच त्याच्या निम्म्याच्याही आत लावतो. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ, एवढं लागतंच. एका वेळेला एक-सव्वा ग्रॅम धरा. सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. कुणाची चार महिने पुरत असेल, तर ती लावतेय तो थर पाटीवरच्या ५० च्या जवळपासही नाही. खर्च आहे, नाही म्हणत नाही.

उन्हात असताना दर दोन तासांनी लावा असं सांगतात. कलेक्शनच्या मधे, घामेजलेल्या आणि धुळीने भरलेल्या चेहऱ्यावर ते होत नाही. म्हणून माझा खरा भार कापडावर आहे. कापड घामाने उतरत नाही, दोन तासांनी परत लावावं लागत नाही. मात्र कापडाची वीण बघून घ्या. सोलापूरच्या माणसाला हे काय सांगायचं, उजेडासमोर धरलं की वीण कळतेच. आरपार बोटं दिसली तर ऊनही तेवढंच आत येणार. पातळ पांढरा सुती सनकोट थंड वाटतो, पण अडवतो कमी, आणि घामाने ओला झाला की आणखी कमी. मी घट्ट विणीचा गडद निळा घेतला, बोटांच्या पेरांपर्यंत येणाऱ्या बाह्यांचा. एप्रिलमध्ये त्यात उकडतं, हे खरं आहे. तरी हातांच्या पाठी यंदा पहिल्यांदाच रापल्या नाहीत.

वेळेचं गणित मी सावलीवरून करते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर यूव्ही जोरात आहे. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराला थोडं कमी असताना. त्या दिवसांत सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत सावली आखूडच असते. तेव्हा एमआयडीसीचा फेरा साडेतीननंतर ढकलला, आणि दुकानदारांनीही समजून घेतलं. यूव्ही निर्देशांक, म्हणजे यूव्हीचा जोर सांगणारा आकडा, ३ झाला की काळजी घ्यायची असते. मेमधल्या निरभ्र दुपारी तो आपल्याकडे ११ च्या वर जातो, पण जानेवारीतली गार दुपारही ३ च्या खाली नसते. गारव्यावर विसंबू नका. आता आषाढातल्या ढगांवरही विसंबत नाही, पातळ ढगांतून बरंच यूव्ही खाली येतं.

साखर पेठेतल्या एक काकू मला दर वेळी म्हणायच्या, "लिंबू चोळ की गं गालाला, दोन दिवसांत निघतंय बघ." काकूंची माया खरी, पण कृपा करून हे कुणी करू नका. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करणारी मलमं. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चेहरा आधी उजळतो, मग त्वचा पातळ पडते, लाल होते, आणि मलम सोडवत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं असं झालंय, म्हणून जीव तोडून सांगतेय.

संध्याकाळी नुसत्या फेसवॉशने टिंट निघत नाही. आधी कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी), मग सौम्य फेसवॉश, आणि लगेच ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर. आपली हवा इतकी कोरडी, की हे शेवटचं राहिलं तर गाल ओढल्यासारखे होतात.

डाग गेलेले नाहीत. फिके झालेत, कडा पुसट झाल्यात, आणि मुख्य म्हणजे दर उन्हाळ्यात व्हायचे तसे यंदा गडद झाले नाहीत. मेनंतर डॉक्टरांनी रात्री लावायचं औषध सुरू केलं, त्यामुळे पुढचा फरक एकट्या सनस्क्रीनचा धरू नका.

तक्रारी दोन. टिंटची एकच छटा मिळते आणि ती माझ्या रंगापेक्षा उजळ आहे, मानेशी जोड दिसतो. बाजार आपल्या गिऱ्हाइकांचे रंग बघून माल का काढत नाही, कळत नाही. आणि फिकट ओढणीला कडेने तपकिरी डाग पडतात. ओढणी त्याच दिवशी साबणाने धुतली तर निघतात, दुसऱ्या दिवसावर गेलं की राहतात. ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात तापून आतलं पाणी-तेल वेगळं होतं. मी ती पर्समध्ये, पाण्याच्या बाटलीला लागून ठेवते.