सब डिकीत, बेस गायब: स्विच, नॉब की डीएसपी?

वाशी-तुर्भ्याकडे गाडीत सब (सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा स्पीकर) बसवून घेतला, डिकी उघडली की दणका बसतो, पण ड्रायव्हरच्या सीटवर आवाज पोकळ. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मोठा अँप (अँप्लिफायर) घ्या. त्याआधी फेज तपासा. पुढच्या दारातला स्पीकर हवा ढकलत असताना मागचा सब ती ओढत असेल, तर दोघांची मेहनत एकमेकांत जिरते, आणि वॅट वाढवून ती परत येत नाही.

अँपवरचा ०/१८० स्विच हा फुकटातला उपाय. तो फक्त पोलॅरिटी उलटी करतो. सबच्या प्लस-मायनस वायरी आपसात बदलल्या तरी तेच होतं. गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर, ८० हर्ट्झच्या आसपासचा टोन लावा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि दुसऱ्याला स्विच हलवायला सांगा. ज्या बाजूला बेस भरतो, ती बरोबर. (सब बंद ठेवून बॅलन्सही फिरवून बघा. दोन्ही दारं मिळून एकट्या दारापेक्षा बेस कमी येत असेल, तर एका दाराच्या वायरी उलट्या लागल्यात. ते आधी नीट करून घ्या.)

स्विच कुठेही ठेवला तरी फरक कळत नाही, असंही होतं. स्विच बिघडला असेलच असं नाही. डोक्यापासून उजव्या दाराचा स्पीकर जवळ, सब लांब. फरक साधारण मीटरभर धरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे सब २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे फेजचा फरक झाला ८४ अंश. शून्याला ठेवा नाहीतर १८० ला, आपण मधेच अडकलेलो. क्रॉसओव्हरचे (सब आणि दारांच्या स्पीकरांत आवाज वाटून देणारे) फिल्टरही आपली भर घालतात, त्यामुळे प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा.

इथे अँपवरचा फेज नॉब उपयोगी. ० ते १८० मध्ये सावकाश फिरवत जायचं आणि सर्वात भरीव जागी थांबायचं. मर्यादा अशी की तो क्रॉसओव्हरच्या आसपास जुळवतो. वर-खाली प्रत्येक फ्रिक्वेन्सीला तेवढाच फरक पडत नाही. ऐकताना मात्र हे फारसं खटकत नाही. नवा मोनोब्लॉक (सबसाठीचा एका चॅनलचा अँप) घेणारच असाल तर नॉबवाला बघा, एवढंच सांगेन.

डीएसपी (आवाजाचा डिजिटल प्रोसेसर) उशिराचा हिशेब उशिरानेच करतो. सबला लवकर वाजवता येत नाही, म्हणून जवळच्या स्पीकरांना थांबवायचं. नीट जमलं तर ढोलाचा घुमारा डिकीतून न येता टिपरूच्या आवाजाबरोबर थेट डॅशबोर्डवरून येतो. ही मजा नॉबमध्ये पूर्ण मिळत नाही, कारण डावं-उजवं दारही डीएसपीच सांभाळतो. पण नुसत्या टेपने अंतर मोजून आकडे भरले की झालं, असं नाही. फिल्टरचा उशीर धरून कानाने किंवा माइकने पुन्हा जुळवावं लागतं. आणि हे सगळं एकाच सीटसाठी. बाजूला बसलेल्याला ऐकू येणारी जुळणी आधीपेक्षा बिघडू शकते.

पाम बीच रोडवरून रोज एकट्याने ऑफिस गाठणाऱ्याने आणि ज्याच्या पुढे चांगले कंपोनंट (वूफर-ट्वीटर वेगळे असलेले स्पीकर) आहेत त्याने डीएसपीवर खर्च करावा. त्याआधी डेकचे (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचे) मेनू उघडून बघा. पायोनियरच्या बऱ्याच डेकमध्ये टाइम अलाइनमेंट (स्पीकरांना उशीर देण्याची सोय) असतंच. शनिवार-रविवारी सगळं घर घेऊन निघणाऱ्याला नॉब पुरे. घोडबंदर रोडच्या खडखडाटात टायरच्या आवाजाखाली बारकावे तसेही बुडतात. सीटखालच्या छोट्या सबला तर बहुतेकदा स्विचच भागवतो, कारण अंतराचा फरकच फार नसतो.

डीएसपी घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: ट्यूनिंग त्याच किमतीत आहे का, आणि ते तुमच्या सीटवर तुम्हाला बसवून करणार का?