सोलर हीटर: काचेच्या नळ्यांचा की सपाट पॅनेलचा?

नेरूळच्या रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या एका स्नेह्यांना गच्चीवर सोलर हीटर बसवायचा आहे. काचेच्या नळ्यांचा घ्यावा की तांब्याच्या सपाट पॅनेलचा, यावर त्यांचे अडले आहे.

खर्चात नळ्यांचा प्रकार स्वस्त पडतो. मात्र निर्णय पाण्यावर ठरावा, असे मला वाटते. सपाट पॅनेलमध्ये पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरते. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असल्यास त्यांत क्षार साचून प्रवाह मंदावतो आणि आम्लाने सफाई करावी लागते. काचेच्या नळ्या रुंद असल्याने क्षार तळाशी बसले तरी प्रवाह सहसा अडत नाही. नवी मुंबई महापालिकेचे, म्हणजे मोरबे धरणाचे, नळाचे पाणी येत असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

टिकाऊपणात सपाट पॅनेल सरस आहे. शेजारच्या झाडाचा नारळ पडला तर काचेची नळी फुटते, जरी ती एकटी बदलता येत असली तरी. साध्या नळ्यांच्या टाकीला प्रेशर पंपाचा दाबही सोसत नाही. काचेच्या नळीच्या दोन थरांमधील निर्वात पोकळी थंडीत उष्णता धरून ठेवते हे खरे, पण येथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडतच नाही.

पावसाळ्यात दोन्हींना विजेची कॉइल लागतेच. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट खर्च होतात.

बोअरवेलचे पाणी आणि मर्यादित खर्च असेल, तर नळ्यांचा हीटर घ्यावा. महापालिकेचे पाणी, प्रेशर पंप आणि स्वतःचे घर असेल, तर सपाट पॅनेल.