अ‍ॅड्रेनलिनचा डबा : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात कलमांखालचं गवत काढताना गांधीलमाशी चावली. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली. देवगडात दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून वाचलो. तेव्हापासून स्टीलचा एक छोटा डबा सतत जवळ असतो. त्यात अशा जोरदार अ‍ॅलर्जीवर टोचायच्या अ‍ॅड्रेनलिन या औषधाच्या दोन अ‍ॅम्प्यूल (काचेच्या बंद कुप्या), १ मिलिच्या सिरिंजा, सुया आणि डॉक्टरांनी माझ्यासाठी लिहून दिलेला डोस : ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत.

मांडीवर दाबलं की आपोआप टोचलं जाणारं पेन आमच्याकडच्या औषधाच्या दुकानांत मिळालं नाही. अ‍ॅम्प्यूल अगदी स्वस्त, पण ती फोडून सिरिंज भरायची म्हणजे हात स्थिर हवेत, आणि ज्याचा घसा आवळतोय त्याचे हात स्थिर नसतात. म्हणून बायकोने डॉक्टरांकडून शिकून घेतलं आणि पाण्याच्या अ‍ॅम्प्यूल घेऊन मोसंब्यावर सराव केला. पहिल्या दिवशी तीन फुटल्या, बोट कापलं. आता मिनिटभरात भरते. माझ्या मते या डब्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

उन्हाळ्यात खरा त्रास. औषध २५ अंशांच्या आत ठेवायचं, उजेड लागू द्यायचा नाही, गोठवायचंही नाही. भिजवून गार राहणारी कापडी पिशवी घेतली ती वाया गेली. आमच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, तर गारवा येणार कुठून? आता रुंद तोंडाचा थर्मास वापरतो. गाडीच्या डिकीत कधीच ठेवत नाही. दर महिन्याला अ‍ॅम्प्यूल उजेडात धरून बघतो. एक गुलाबीसर दिसली, ती लगेच बदलली.

मार्चात झेल्याने आंबे काढताना पुन्हा चावली. बायकोने पाच मिनिटांच्या आत टोचलं, मला आडवं करून पाय क्रेटवर ठेवले, १०८ ला फोन केला. थोड्याच वेळात घसा मोकळा झाला. छातीत धडधड आणि हातांना कंप मात्र बराच वेळ होता. संध्याकाळी दवाखान्यात असतानाच गांधी पुन्हा उठल्या. बरं वाटतंय म्हणून दुपारीच घरी आलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. पहिल्या वेळी मी सेटिरिझिन घेऊन वाट बघत बसलो होतो. कृपा करून तसं करू नका, ती गोळी खाज कमी करते, आवळलेला घसा उघडत नाही.

काजूच्या नि आंब्याच्या चिकानेही मला फोड येतात. दोन्ही बिब्ब्याच्याच कुळातले. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतात आणि तिथे हा डबा कामाचा नाही. हातमोजे घालायचे आणि चीक लागला की लगेच साबणाने धुवायचं.

पावसात आमच्या वाटेवरचा व्हाळ भरला की रस्ता दोन-दोन तास बंद असतो. डॉक्टरांना विचारून जूनपासून डब्यात तिसरी अ‍ॅम्प्यूल ठेवणार आहे.